डार्विनच्या घरातले हसू

पूर्वी केंट परगण्यात असलेले डाऊन नावाचे एक खेडे इंग्लंडमध्ये आहे. तेथे राहणाऱ्या एका गृहस्थाने १८६७ साली एक प्रश्नावली तयार केली आणि ती जगभरातल्या ओळखीच्या व अनोळखी माणसांकडे धाडून दिली. प्रश्न सोळाएक होते आणि सारे चेहऱ्याविषयीचे. नवल वाटले की माणूस डोळे विस्फारतो का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? मजेत असताना डोळे चमकतात का, त्यांच्या खाली बारीक सुरकुत्या पडतात का, ओठांचे कोपरे मागे जातात का? आणि हसता हसता डोळ्यांत पाणी येते का?

मिशनरी, बागांचे अधिकारी, न्यायखात्यातले साहेब अशा निरनिराळ्या लोकांकडून छत्तीस उत्तरे आली. त्यांतले एक आपल्या अगदी शेजारचे होते. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, एच. अर्स्किन नावाच्या साहेबांनी तेथल्या लोकांचे चेहरे न्याहाळून माहिती कळवली होती. पण तिच्यात एक अडचण होती. खात्रीने काही सांगणे कठीण आहे, असे त्यांचे म्हणणे पडले, कारण गोऱ्या माणसासमोर इथले लोक आपल्या मनातले काहीच चेहऱ्यावर येऊ देत नाहीत. त्यांना तशी सवयच जडली आहे.

प्रश्न पाठवणाऱ्या गृहस्थाने ही अडचण प्रामाणिकपणे आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटले की आपल्याला माकड आठवते. शाळेत त्याच्याविषयी शिकतो ते एवढेच, आणि त्यावरचे विनोद मात्र जन्मभर ऐकतो. पण या माणसाने आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे, मधूनमधून का होईना, एका वेगळ्याच गोष्टीचा पाठपुरावा केला होता. माणूस का हसतो, का रडतो आणि प्राणीही हसतात का, ही ती गोष्ट. मी बँकेत नोकरी केली आणि कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही कामांत माणसांचे चेहरे वाचावे लागतात. कादंबरीत ‘तो हसला’ एवढे लिहिणे सोपे असते. तो कसा हसला हे लिहायला घेतले की पेन अडते. त्या अडलेल्या पेनामुळेच मी डार्विनच्या या पुस्तकाकडे वळलो आणि त्याच्या चरित्रात रमलो.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, श्रूजबरी गावचा. वडील नामांकित डॉक्टर, देहाने धिप्पाड आणि घरात दरारा असलेले. चार्ल्स आठ वर्षांचा असताना, १८१७ च्या जुलैत आई गेली. मोठेपणी आठवू म्हटले तरी आईची मृत्युशय्या, तिचा काळा मखमली झगा आणि तिचे कामाचे टेबल यांपलीकडे त्याला फारसे काही आठवत नसे. थोरल्या बहिणींनी त्याला वाढवले. शाळेत तो हुशार गणला गेला नाही. थोरल्या भावाबरोबर घरामागच्या खोपटात रसायनांचे प्रयोग करायचा, म्हणून सोबत्यांनी त्याचे नाव ‘गॅस’ ठेवले आणि निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला सर्वांदेखत फैलावर घेतले. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांखेरीज याला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे एकदा वडिलांच्या तोंडून निघाले. ते बोल त्याला म्हातारपणापर्यंत आठवत होते. तरीही वडिलांविषयी त्याने आयुष्यभर प्रेमानेच लिहिले.

या मुलाला कुतूहल होते आणि त्याच्या कुतूहलाला मिळालेले हसू टिंगलीचे होते. हसण्याची ही दुसरी बाजूही त्याने अशी लहानपणीच पाहिली.

वैद्यकी अर्धवट सुटली. पुढे केंब्रिजला शिक्षण झाले आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाज त्याला घेऊन निघाले. त्या पाच वर्षांच्या सफरीची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. सफरीहून परतल्यावर, २८ मार्च १८३८ रोजी, तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तेथे जेनी नावाची ओरांगउटान जातीची पोर नुकतीच आली होती. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवले, पण दिले नाही. त्याबरोबर तिने जमिनीवर अंग टाकले, हातपाय झाडले आणि हट्टी पोरासारखा गळा काढला. रडणे थांबवलेस आणि शहाण्यासारखी वागलीस तर सफरचंद मिळेल, असे रखवालदाराने बजावले. तिने स्वतःला आवरले, सफरचंद मिळवले आणि खुर्चीत उडी मारून मोठ्या समाधानाने ते खाऊ लागली. तेव्हा डार्विन एकोणतीस वर्षांचा होता आणि अविवाहित होता. घरी परतून त्याने बहिणीला पत्रात ही सारी हकिकत कळवली. पुढे तो पुन्हा तेथे गेला. ओरांगउटानच्या पिलांसमोर आरसा ठेवून ती काय करतात तेही त्याने पाहून ठेवले.

पुढच्याच वर्षी जानेवारीत त्याचे लग्न झाले. वधू एमा ही मामाची मुलगी, त्यामुळे आपल्या सोलापूरकडच्या वाचकांना त्यात नवल वाटू नये. २७ डिसेंबर १८३९ रोजी विल्यम जन्मला आणि बापाने पहिल्या दिवसापासून त्याच्या हालचालींची वही घातली. त्या काळी बाळाकडे असे पाहणारे बाप विरळाच होते. बाळ केव्हा शिंकले, केव्हा दचकले, राग आल्यावर त्याचा रंग कसा पालटला, हे सारे तारीखवार लिहिलेले आहे.

बाळ खरेखुरे हसले ते पंचेचाळिसाव्या दिवशी. दुसरे एक मूल सेहेचाळिसाव्या दिवशी हसले. आईच्या चेहऱ्याकडे पाहताना ते हसू उमटे आणि डोळे उजळत. त्याआधी झोपेत ओठ हलतात, त्याला आपल्याकडे सटवाई हसवते म्हणतात. डार्विनने मात्र डोळे उजळल्याशिवाय हसू मोजले नाही. एकशे दहाव्या दिवशी बाळाच्या तोंडावर त्याचेच लहानसे वस्त्र टाकून झटकन काढले की त्याला अतिशय मौज वाटे, आणि बापाने आपला झाकलेला चेहरा एकदम उघडून पुढे आणला तरीही. आपल्याकडे घरोघर चालणारा ‘बुवा कुक’ तो हाच. विज्ञानाच्या वहीत हा खेळ सव्वाशे वर्षांच्याही पूर्वीपासून जाऊन बसला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

त्याच वहीत आणखी एक नोंद आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. बाळाला हसवण्यासाठी डार्विन त्याच्याजवळ नाना प्रकारचे विचित्र आवाज काढी आणि बाळ खिदळे. साडेचार महिन्यांचे असताना एके दिवशी त्याने मोठ्याने घोरण्यासारखा एक नवाच आवाज काढला. बाळ क्षणात गंभीर झाले आणि त्याने भोकाड पसरले. त्याच सुमारास डार्विन एकदा पाठमोरा चालत बाळाजवळ गेला आणि तसाच निश्चल उभा राहिला. बाळाचा चेहरा उतरला, आता रडणार असे दिसू लागले. बापाने वळून तोंड दाखवताच तोच चेहरा हसरा झाला. माणूस तोच होता आणि प्रेमही तेच. ओळख पटली की हसू उमटे, ओळख पुसली गेली की रडू कोसळे. हसणे आणि भिणे यांची घरे एकमेकांना इतकी लागून असतात.

१८४२ च्या सप्टेंबरात हे कुटुंब डाऊनला राहायला गेले. तेथे मुले वाढली. दहा झाली, त्यांतली सात मोठी झाली. डार्विनची प्रकृती कायम तोळामासा, कामाचे तास ठरलेले. पण त्याच्या खोलीत मुलांना मज्जाव नव्हता. जिन्यावर लाकडी फळी लावून घसरगुंडी केलेली होती. चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळी खेळायला यावे म्हणून बापाला सहा पेन्सांची लाच देऊ केली होती. नोकरीत कर्जमंजुरीच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो, इतकी निर्मळ लाच मी कधी ऐकलेली नाही. ज्या ग्रंथाने जग हादरले त्याच्या हस्तलिखिताच्या काही पानांमागे मुलांनी चित्रे काढून ठेवली आहेत. एका पानामागे फळे आणि भाज्या यांच्या सैनिकांची लढाई रंगली आहे.

या घरातली सर्वांत हसरी मुलगी ॲनी. १८४१ साली जन्मलेली. बाप फिरायला निघाला की ती पुढे धावत, गिरक्या घेत जायची. अर्धा अर्धा तास बापाचे केस विंचरत बसायची. पुढे तिला दुखणे जडले. उपचारासाठी डार्विन तिला माल्व्हर्नला घेऊन गेला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती येऊ शकली नाही. २३ एप्रिल १८५१ रोजी ॲनी गेली. आठवडाभराने बापाने तिच्याविषयी काही पाने लिहून काढली. त्यांत तिच्या आजारापेक्षा तिचा आनंदी स्वभाव, तिची धावपळ, तिचा चेहरा यांविषयीच अधिक आहे. एमाने तिची लिहिण्याची छोटी पेटी अखेरपर्यंत जपून ठेवली. चेहऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला जो चेहरा पुन्हा पाहायला मिळणार नव्हता, तो त्याने असा कागदावर उतरवला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १८७२ मध्ये, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात हे सांगणारे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. छायाचित्रे छापलेले ते पहिल्या काही वैज्ञानिक पुस्तकांपैकी एक होते. त्यात एक अख्खे प्रकरण आनंद आणि हसणे यांवर आहे. चिंपांझीच्या पिलाला गुदगुल्या केल्या की ते हसल्यासारखा आवाज काढते, कधी आवाज न काढताही हसते, आणि त्याच्या काखा आपल्या पोरांसारख्याच हळव्या असतात, असे त्यात सांगितले आहे. अंध आणि बधिर असलेल्या लॉरा ब्रिजमनची हकिकत आहे. तिला कुणाचे हसू दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. तरी जिवलग मैत्रिणीच्या पत्रातला मजकूर हाताच्या खुणांनी तिला कळवला तेव्हा ती हसली, तिने टाळ्या वाजवल्या आणि तिचे गाल लाल झाले. म्हणजे हसणे हे आपण दुसऱ्याचे पाहून शिकत नाही. ते आपल्याबरोबरच जन्माला येते.

ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका वृद्धाच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन बनावट हसू आणले होते आणि त्याची छायाचित्रे घेतली होती. डार्विनने ती घरी येणाऱ्या वीसहून अधिक माणसांना दाखवली. खरे हसू बहुतेकांनी ओळखले, बनावट हसू मात्र लोकांना पटेना. त्यात तोंड हसत होते, पण डोळ्यांभोवतीचे स्नायू स्वस्थ होते.

गुदगुल्यांविषयी तो काय म्हणतो तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुदगुल्यांनी हसू यायचे तर मन आधी प्रसन्न हवे. परक्या माणसाने गुदगुल्या केल्या तर लहान मूल हसणार नाही, ते भीतीने किंचाळेल. पुस्तकात आजच्या वाचकाला खटकेल अशी त्या काळच्या साहेबाची भाषाही जागोजागी आहे. पण हाती आलेल्या छत्तीस उत्तरांवरून त्याने काढलेला निष्कर्ष त्या भाषेपेक्षा मोठा होता. जगाच्या पाठीवर सारी माणसे जवळजवळ सारखीच हसतात आणि सारखीच रडतात, म्हणून ती एकाच कुळातली असली पाहिजेत.

प्राण्यांच्या हसण्याची गोष्ट त्याच्यानंतर बराच काळ कोणी मनावर घेतली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत याक पँकसेप या शास्त्रज्ञाला आढळले की गुदगुल्या केल्या की उंदीर चिवचिवतात. तो आवाज इतका बारीक असतो, की यंत्राशिवाय आपल्याला ऐकू येत नाही. २००९ साली ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांच्या पिलांचे आणि माणसाच्या बाळांचे गुदगुल्यांचे आवाज ताडून पाहण्यात आले, तेव्हा या हसण्याचे मूळ किमान एक कोटी वर्षे मागे जाते असे दिसले. आणि २०१६ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी उंदरांना उंच चौथऱ्यावर प्रखर उजेडात ठेवून गुदगुल्या केल्या. एरवी हाताच्या मागे धावणारे, हसून चिवचिवणारे ते उंदीर तेथे जवळजवळ गप्प झाले. भ्यायलेल्या उंदराला गुदगुल्या होत नाहीत. डार्विनने बाळाच्या पाळण्याशी जे पाहिले, तेच येथे प्रयोगशाळेत दिसले.

आमच्या जुळे सोलापुरात दर रविवारी सकाळी दहा-बारा मुले माझ्या गच्चीवर जमतात. पेठांतली जुनी घरे सोडून इकडे आलेली, पूर्व भागातल्या विणकरांची, अक्कलकोट-इंडीकडची, नोकरदारांची, अशी सगळ्यांची मुले त्यांत आहेत. कुणी मला आजोबा म्हणते, कुणी ताता, कुणी अज्जा. मराठीत हसू, तेलुगूत नव्वु, कन्नडमध्ये नगु, उर्दूत हँसी. पण विनोद कळला की चौघांच्या डोळ्यांच्या कडेला पडणारी सुरकुती तीच. डार्विनने जी गोष्ट जगभर पत्रे पाठवून शोधली, ती या मुलांना एका गच्चीवर मिळते.

त्यांना मी वही घालायला सांगितली आहे. घरात तान्हे बाळ असेल तर ते पहिल्यांदा केव्हा हसले ते लिहायचे. स्वतःला गुदगुल्या करून पाहायच्या आणि त्या का होत नाहीत यावर भांडायचे. गल्लीतले कुत्रे पुढचे पाय वाकवून, शेपटी हलवत दुसऱ्या कुत्र्याला खेळायला बोलावते, ते लांबून पाहायचे. आणि हसण्याला मराठीत किती शब्द आहेत ते गोळा करायचे. खुदकन, खदखदून, गालातल्या गालात, फिदीफिदी, कुत्सित, ओशाळवाणे अशी यादी वाढत चालली आहे. त्यातून एक गंमत निघाली. माकड दात दाखवते त्याला मराठीत हसणे म्हणत नाहीत, दात विचकणे म्हणतात. शास्त्रज्ञही आज तेच सांगतात. माकडाचे ओठ मागे ओढून दात दाखवणे बहुधा भीतीचे किंवा शरणागतीचे असते. मदाऱ्याच्या दोरीला बांधलेल्या माकडाला पाहून आमच्या पिढीने टाळ्या पिटल्या. ते हसत नव्हते.

आता मदारी मोबाइलमध्ये आला आहे. लोरिस नावाच्या मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याला गुदगुल्या केल्यावर तो दोन्ही हात वर करतो, अशी एक चित्रफीत मध्यंतरी जगभर फिरली. लोकांना वाटले, त्याला मजा येते आहे. वास्तविक लोरिस हात वर करतो ते बचावासाठी, कारण त्याच्या दंडाजवळ विषग्रंथी असते. मुलांना ही चित्रफीत मी दाखवत नाही, पण तिची गोष्ट सांगतो. गच्चीवरचा नियम एकच आहे: ज्याचे हसू पाहायचे त्याला आधी भीती वाटता कामा नये. नको म्हणणाऱ्याला गुदगुल्या करायच्या नाहीत आणि पडलेल्याला हसायचे नाही.

पुन्हा अहमदनगरच्या त्या उत्तराकडे वळतो. पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले आणि अहमदनगर जिल्ह्यात पसरले. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जरोखे आणि खतपत्रे बाहेर काढून जाळली. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू होता. साहेबासमोर ज्या चेहऱ्यांवर काहीच दिसत नव्हते, त्यांच्यामागे काय काय साठले होते, हे तेव्हा सरकारला कळले. ग्रामीण शाखेत काम करताना मी हे लहान प्रमाणात रोज पाहिले आहे. बाहेरच्या बाकावर खदखदून हसणारा शेतकरी साहेबाच्या केबिनमध्ये पाऊल टाकताच दगडासारखा होई. चहा मागवून, पाऊसपाण्याची चौकशी करून दहा मिनिटे गेली की मग खरा आकडा आणि खरी अडचण बाहेर येई.

मुलांचेही असेच असते. वडिलांसमोर, बाईंसमोर, गुणपत्रिकेसमोर चेहरा मिटून घ्यायला मूल लवकर शिकते. आपण त्याला शिस्त म्हणतो आणि समाधान पावतो. पण मिटलेल्या चेहऱ्यामागे काय चालले आहे, हे मग आपल्यालाही अर्स्किन साहेबांसारखेच कळत नाही. ‘गॅस’ म्हणून हिणवल्या गेलेल्या, वडिलांच्या एका वाक्याने दुखावल्या गेलेल्या मुलाने आपल्या घरात मात्र दार उघडे ठेवले आणि त्या उघड्या दारातून त्याला जे दिसले ते विज्ञानाच्या कामी आले.

डार्विन उतारवयात रोज घरच्यांकडून कादंबऱ्या वाचून घेई. गोड शेवट नसलेल्या कादंबऱ्यांवर कायद्याने बंदी आणावी, असे त्याचे गमतीचे मत होते. कादंबरीकार म्हणून मला ते पाळणे जमलेले नाही. १९ एप्रिल १८८२ रोजी तो गेला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

त्याचे जाड पुस्तक सर्वांनी वाचावे असा माझा आग्रह नाही. आज संध्याकाळी बाहेरून घरी परताल तेव्हा दाराशी क्षणभर थांबा. आत मुले हसत असतील. आपण आत पाऊल टाकल्यावर ते हसणे चालू राहते की थांबते, एवढे मात्र पाहा.